बार्नॅकलची रेषा आणि न दिसणारा प्रस्तरभंग : अलास्का, १९६४

२७ मार्च १९६४, गुड फ्रायडेचा दिवस. संध्याकाळी ५ वाजून ३६ मिनिटांनी अलास्काच्या दक्षिण किनाऱ्याखाली, साधारण २५ किलोमीटर खोलीवर, खडक सरकला. प्रिन्स विल्यम साउंड हे बेटे आणि खाड्यांचे मोठे जाळे आहे. त्याच्या उत्तर टोकाशी, अँकरेज शहराच्या पूर्वेला सुमारे १२० किलोमीटरवर सुरुवात झाली. सरकणे मात्र तिथे थांबले नाही. ते नैर्ऋत्येकडे धावत कोडिअॅक बेटाच्याही पुढे गेले, एकूण सुमारे ८०० किलोमीटर. जमीन साडेचार मिनिटांच्या आसपास हलत राहिली. इतका वेळ का, याचे उत्तर या लांबीतच आहे. खडक तुटत जाण्याची क्रिया सेकंदाला साधारण तीन किलोमीटर वेगाने पुढे सरकते; ८०० किलोमीटर कापायला तिला चार-साडेचार मिनिटे लागणारच.

आज या भूकंपाचा मॅग्निट्यूड ९.२ धरतात. उपकरणांवर नोंद झालेल्या भूकंपांत याहून मोठा एकच, २२ मे १९६० रोजी चिलीत झालेला, ९.५ चा. अलास्कात आणि पुढे ऑरेगन-कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मिळून सुमारे १३० माणसे गेली. त्यातली बहुतेक पाण्याने गेली. इमारती कोसळून गेलेली फार थोडी.

आकारामुळे हे प्रकरण प्रसिद्ध आहेच, पण प्लेट टेक्टॉनिक्स शिकू पाहणाऱ्याने ते सविस्तर पाहावे असे मला वाटते त्याचे कारण वेगळे आहे. पृथ्वीचे कवच मोठ्या, सरकत्या तुकड्यांचे, म्हणजे भूपट्टांचे (प्लेट्सचे) बनलेले आहे, असे सांगणारा प्लेट टेक्टॉनिक्स हा सिद्धांत मार्च १९६४ मध्ये अजून तयार झालेला नव्हता. इतका प्रचंड भूकंप झाला आणि नेमके काय तुटले, कुठे तुटले, कोणत्या दिशेला सरकले, हे जाणकारांनाही सांगता येईना. उत्तर मिळाले ते किनाऱ्यावरच्या खडकांवर चिकटलेल्या बोटभर जीवांकडून. आज पाठ्यपुस्तकात दोन ओळींत येणारी गोष्ट तेव्हा कशी शोधून काढावी लागली हे कळले की त्या दोन ओळी वेगळ्याच वाटू लागतात.

तेव्हा हाताशी काय होते

खंड सरकतात ही आल्फ्रेड वेगेनर यांची मांडणी १९१२ ची. ती बराच काळ बाजूला पडली होती. १९६२ मध्ये हॅरी हेस यांनी समुद्रतळ मध्य-महासागरी पर्वतरांगांपाशी नव्याने तयार होतो आणि दोन्ही बाजूंना पसरतो अशी कल्पना छापली. १९६३ मध्ये फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी समुद्रतळाच्या खडकांतले चुंबकीय पट्टे या कल्पनेशी जोडले. नवा तळ तयार होत असेल तर जुना कुठेतरी नाहीसा व्हायला हवा, हे ओघानेच आले. पण तो कुठे आणि कसा जातो याचे जमिनीवर उभे राहून दाखवता येईल असे उदाहरण कुणाकडे नव्हते.

महासागरी खंदकांजवळचे, म्हणजे समुद्रतळावरच्या लांब, खोल दऱ्यांजवळचे भूकंप खंडाकडे जावे तसे खोल होत जातात, हे जपानमध्ये कियू वादाती आणि अमेरिकेत ह्यूगो बेनिऑफ यांनी दाखवून दिलेले होते. भूकंप होतो कसा, याबद्दल हॅरी रीड यांचे १९१० चे स्पष्टीकरण सर्वमान्य होते. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर रीड यांनी मांडले की प्रस्तरभंगाच्या, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतात त्या भेगेच्या, दोन्ही बाजूंचे खडक वर्षानुवर्षे वाकत, ताण साठवत जातात; घर्षणाची पकड सुटली की ते झटक्यात मोकळे होतात. पण सॅन फ्रान्सिस्कोला जमिनीवर लांबच लांब भेग दिसली होती, कुंपणे तुटून बाजूला सरकली होती. अलास्कात तसे काहीच नव्हते. लाखो चौरस किलोमीटर मुलूख वरखाली झाला होता, पण त्याचा करविता प्रस्तरभंग कुठेच दिसत नव्हता.

एकाच नोंदीतून दोन उत्तरे

भूकंपलहरींचा पहिला धक्का जगातल्या काही केंद्रांवर जमीन बाहेर ढकलतो, तर काहींवर आत ओढतो. कुठे ढकलले आणि कुठे ओढले हे मांडले की नाभीभोवतीचा, म्हणजे भूकंप जिथे सुरू झाला त्या जागेभोवतीचा, अवकाश चार भागांत विभागला जातो, आणि हे भाग वेगळे करणाऱ्या दोन पातळ्या (सपाट पृष्ठे) मिळतात, एकमेकींना काटकोनात. त्यातली एक खरोखर सरकलेली पातळी असते. दुसरी केवळ भूमितीतून येते. कोणती खरी, हे या नोंदी सांगूच शकत नाहीत; त्यासाठी दुसरा पुरावा लागतो.

अलास्काच्या मुख्य धक्क्यात एक पातळी जवळजवळ उभी येत होती आणि दुसरी जवळजवळ आडवी. भूकंप म्हटले की उभी भेग डोळ्यांसमोर यावी, हे तेव्हाही स्वाभाविक होते आणि आजही आहे. फ्रँक प्रेस आणि डेव्हिड जॅक्सन यांनी १९६५ मध्ये उभ्या पातळीचा पर्याय मांडला. त्यांच्या गणितानुसार प्रस्तरभंग जवळजवळ सरळ खाली, १०० ते २०० किलोमीटर खोलीपर्यंत गेलेला होता, आणि त्याचे वरचे टोक पृष्ठभागाच्या बरेच खाली अडकलेले होते. म्हणून जमिनीवर भेग दिसली नाही. हा विचार अविचारी मुळीच नव्हता. प्रेस हे त्या काळातले आघाडीचे भूकंपशास्त्रज्ञ होते, आणि जमिनीच्या उंचसखल बदलांशी त्यांचे गणित बऱ्यापैकी जुळतही होते.

दुसरा पर्याय त्याच वर्षी जॉर्ज प्लाफकर यांनी मांडला. ते अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातले क्षेत्रीय भूवैज्ञानिक. भूकंपशास्त्र हा त्यांचा विषय नव्हता. अलास्काच्या खडकांचे नकाशे करणे हे त्यांचे काम. भूकंपाच्या दुसऱ्याच दिवशी आर्थर ग्रँट्झ आणि र्युबेन कचडूरियन या सहकाऱ्यांबरोबर ते अलास्कात पोहोचले होते.

बार्नॅकलची रेषा

पहिला प्रश्न अगदी साधा होता: जमीन नेमकी कुठे वर आली, कुठे खाली गेली आणि किती? अलास्काचा हा किनारा हजारो किलोमीटरचा, बेटांनी आणि खाड्यांनी फाटलेला. पातळी मोजायचे जुने खुणेचे दगड थोड्याच ठिकाणी होते, भरती-ओहोटी मोजणारी यंत्रे त्याहून कमी. भूकंपाआधी समुद्राची पातळी या किंवा त्या खडकावर कुठे होती हे सांगणार कोण?

बार्नॅकल हा चुन्याच्या कवचाचा लहानसा समुद्री जीव. बाल्यावस्थेत तो पाण्यात तरंगतो. एकदा खडकाला चिकटला की आयुष्यभर जागा सोडत नाही. पाण्याखाली असताना कवचाची झापडे उघडून तो अन्न गोळा करतो आणि ओहोटीला झापडे मिटून ओल धरून ठेवतो. भरतीचे पाणी नियमाने जिथवर येते तिथवरच त्याचे निभते, त्याच्यावर तो सुकून मरतो. म्हणून खडकाळ किनाऱ्यावर बार्नॅकलच्या वस्तीला वरून एक कड असते, आणि ती मैलोन्मैल एकाच पातळीत जाते. समुद्राची पातळी खडकावर कायमची आखून ठेवलेली असावी, इतकी ती नेमकी असते.

आता जमीन उचलली गेली तर काय होईल? रेषा खडकाबरोबर वर जाईल. तिथले बार्नॅकल पाण्याला पारखे होतील, मरतील आणि उन्हात पांढरे पडतील. खाली, पाणी आता जिथवर पोहोचते तिथे, पुढच्या हंगामात नवी पिढी चिकटेल. जुन्या मेलेल्यांची वरची कड आणि नव्या जिवंतांची वरची कड यांच्यातले उभे अंतर, तेवढी जमीन वर आली. जमीन खचली असेल तर उलट: जुनी रेषा पाण्यात बुडेल आणि नवे बार्नॅकल तिच्या वर, पूर्वी कोरड्या असलेल्या खडकावर वस्ती करतील. नवी पिढी यायच्या आधीही काम अडत नाही. मोजमापाच्या क्षणी पाणी कुठे आहे ते पाहायचे, भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून त्या वेळची पातळी काढायची आणि जुन्या रेषेशी ताडायची.

प्लाफकर आणि त्यांचे सहकारी होडीने, हेलिकॉप्टरने आणि छोट्या विमानाने शेकडो ठिकाणी उतरले आणि हे अंतर मोजत गेले. एकेका ठिकाणी चूक फार तर हात-दीड हाताची. मोजायची गोष्ट काही ठिकाणी कित्येक मीटर, त्यामुळे ही अचूकता पुरेशी होती. मला या पद्धतीचे सर्वांत जास्त कौतुक वाटते ते यामुळे की ही मोजणी भूकंपाआधीच करून ठेवलेली होती. माणसाने नाही, समुद्राने. आणि संपूर्ण किनाऱ्यावर.

प्रिन्स विल्यम साउंडच्या समुद्राकडच्या तोंडाशी मॉन्टेग्यू बेट आहे. तिथे जमीन जवळजवळ १० मीटर उचलली गेली. बेटाच्या दक्षिण टोकाला, केप क्लीअरजवळ, लाटांनी कापून सपाट केलेला खडकाळ समुद्रतळ सुमारे ४०० मीटर रुंदीने उघडा पडला. त्यावर पसरलेले चुन्याच्या कवचाचे बारीक जीव सुकून मेले आणि आख्खे पठार पांढरे दिसू लागले. कॉर्डोव्हा गावात बंदराचे धक्के आणि मासळीचे कारखाने होते तिथेच राहिले, पण पाणी मागे गेले, होड्या लागेनात. याउलट कोडिअॅक, होमर, पोर्टेज ही गावे खचली. पोर्टेजला जमीन दोन मीटरहून अधिक खाली गेली आणि मोठ्या भरतीचे पाणी घरांत शिरू लागले.

हे सगळे आकडे नकाशावर मांडल्यावर चित्र अगदी स्वच्छ उमटले. ईशान्य-नैर्ऋत्य जाणारे दोन लांब पट्टे. समुद्राकडचा पट्टा वर आलेला, जमिनीकडचा खचलेला, आणि दोहोंच्या मध्ये एक शून्यरेषा, जिथे काहीच बदल नाही. वरखाली झालेले एकूण क्षेत्र दोन लाख चौरस किलोमीटरहून अधिक. शून्यरेषेच्या एका बाजूकडून दुसरीकडे जाताना कुठेही उंचीची उडी नाही. बदल हळूहळू, कित्येक किलोमीटरांत होत जातो.

आडव्या पातळीचे गणित

प्लाफकर यांचे म्हणणे असे: सरकलेली पातळी जवळजवळ आडवी आहे. ती अलास्काच्या खाली, वायव्येकडे, जेमतेम काही अंशांनी उतरत जाते. तिच्या खाली पॅसिफिकचा तळ, वर खंड. खालचा तळ वर्षानुवर्षे खंडाखाली शिरत असतो, पण दोन्हींमधली पातळी घर्षणाने अडकलेली असते. त्यामुळे वरच्या खंडाची कड खालच्याबरोबर आत आणि खाली ओढली जाते. प्लास्टिकच्या फूटपट्टीचे एक टोक पक्के धरून दुसरे टोक आत-खाली दाबले की टोक खाली जाते आणि मधला भाग फुगतो; हाताची पकड सुटली की टोक उसळून बाहेर येते आणि फुगवटा बसतो. किनाऱ्यावर नेमके हेच झाले. कड उसळून समुद्राकडे आणि वर आली, म्हणून मॉन्टेग्यू बेट उचलले गेले. मागचा भाग ताणला जाऊन पातळ झाला आणि बसला, म्हणून पोर्टेज आणि कोडिअॅक खचले.

नवशिक्याने इथे जरा थांबावे, कारण एक गोष्ट सहज निसटते. एकाच भूकंपात, एकाच पातळीवर, एकाच दिशेने सरकून एक गाव वर येते आणि शंभर-दीडशे किलोमीटरवरचे दुसरे खाली जाते. वर आणि खाली हे दोन वेगळे परिणाम नाहीत. एकाच आडव्या झटक्याच्या त्या दोन बाजू आहेत. ‘उंचावले’ आणि ‘खचले’ असे दोन कप्पे पाडून पाठ केले की मूळ हालचाल दिसेनाशी होते.

प्लाफकर यांची मांडणी खरी असेल तर आणखी तीन गोष्टी खऱ्या असायला हव्या होत्या. त्या एकेक करून तपासता येण्यासारख्या होत्या, आणि तशा त्या तपासल्या गेल्या.

पहिली, आडवी हालचाल. उभ्या प्रस्तरभंगात जमीन मुख्यतः वरखाली होते. आडव्या पातळीवर खंड सरकला असेल तर सारा किनारा समुद्राच्या दिशेने, म्हणजे आग्नेयेला, गेलेला दिसला पाहिजे. त्रिकोणमापनाच्या जुन्या बिंदूंची फेरमोजणी झाली आणि काही ठिकाणे आग्नेयेकडे सुमारे २० मीटरपर्यंत गेलेली आढळली. वरखाली झालेल्या अंतराच्या हे दुप्पट.

दुसरी, नंतरचे धक्के. पहिल्या दिवसातच ६ पेक्षा मोठे अकरा धक्के बसले, पुढे हजारो. हे सगळे उथळ होते, आणि एका अरुंद रेषेवर न येता दोन-अडीचशे किलोमीटर रुंद पट्ट्यात पसरलेले होते. २०० किलोमीटर खोल उभ्या भेगेचे हे लक्षण नाही. रुंद, चपट्या पातळीचे आहे.

तिसरी, त्या धक्क्यांची यंत्रणा. विल्यम स्टॉडर आणि गिल्बर्ट बोलिंजर यांनी १९६६ मध्ये मुख्य धक्का आणि त्यानंतरच्या अनेक धक्क्यांचा एकत्र अभ्यास छापला. त्यासाठी जगभर पसरलेल्या एकसारख्या भूकंपमापकांच्या नोंदी उपलब्ध होत्या. हे जाळे १९६० च्या सुमारास अमेरिकेने भूमिगत अणुचाचण्या हुडकण्यासाठी उभारले होते. निष्कर्ष कमी उताराच्या पातळीकडे बोट दाखवणारा निघाला.

मॉन्टेग्यू बेटावर दोन प्रस्तरभंग जमिनीवर उघडेही पडले होते, पॅटन बे आणि हॅनिंग बे. सुरुवातीला हेच मुख्य असतील असे कुणालाही वाटावे. पण त्यांची लांबी ८०० किलोमीटरच्या मानाने नगण्य आहे, आणि उतार वायव्येकडे, म्हणजे खालच्या मोठ्या पातळीच्याच बाजूला. त्या मुख्य पातळीतून वर फुटलेल्या फांद्या आहेत. फांदी दिसते, खोड समुद्राखाली राहते.

पुढे १९६७ मध्ये डॅन मॅकेंझी आणि रॉबर्ट पार्कर यांनी उत्तर पॅसिफिकचा संपूर्ण तळ एकाच अखंड, कडक तुकड्यासारखा गोलावर फिरतो असे दाखवले. त्या फिरण्याचा ध्रुव, म्हणजे गोलावरच्या ज्या बिंदूभोवती तो फिरतो तो, काढण्यासाठी त्यांनी दोनच गोष्टी वापरल्या: कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियास प्रस्तरभंगाची दिशा, आणि कोडिअॅक परिसरातल्या १९६४ च्या धक्क्यांनी दाखवलेली सरकण्याची दिशा. म्हणजे अलास्काच्या भूकंपाला प्लेट टेक्टॉनिक्सने अर्थ दिला हे खरे. पण सिद्धांत उभा करायला लागलेल्या दगडांतला एक अलास्कातूनच गेला. १९६८ मध्ये ब्रायन आयझॅक्स, जॅक ऑलिव्हर आणि लिन साइक्स यांनी जगभरच्या भूकंपांच्या आधारे हे सारे एकत्र बांधले, आणि खंदकांपाशी समुद्रतळ खंडाखाली जातो ही गोष्ट मुख्य प्रवाहात आली. प्लाफकर दरम्यान चिलीला जाऊन आले. १९६० च्या भूकंपाच्या किनाऱ्यावरही तेच दोन पट्टे सापडले.

९.२ हा आकडा येतो कुठून

भूकंप झाला तेव्हा पृष्ठलहरींवरून काढलेला मॅग्निट्यूड ८.५ च्या आसपास होता. मग तो ९.२ कसा झाला? जुनी मापनपद्धत ठरावीक, सुमारे वीस सेकंदांच्या लहरींची उंची मोजते. फार मोठ्या भूकंपात ऊर्जा त्याहून कितीतरी लांब लहरींत जाते आणि ही पट्टी तिथवर पोहोचत नाही. भूकंप कितीही वाढला तरी आकडा ८.५ च्या आसपास अडून बसतो. १९७७ मध्ये हिरू कानामोरी यांनी तुटलेल्या पातळीच्या प्रत्यक्ष मापांवर आधारलेला मॅग्निट्यूड आणला, आणि चिली व अलास्का आपापल्या खऱ्या जागी गेले.

हिशोब स्वतः करून पाहण्यासारखा आहे. लांबी ८०० किलोमीटर, रुंदी २०० धरू, क्षेत्रफळ १.६ × १०¹¹ चौरस मीटर. सरासरी सरकणे १० मीटर. खडकाचा कडकपणा ४ × १०¹⁰ पास्कल. तिन्हींचा गुणाकार ६.४ × १०²² न्यूटन-मीटर. याला भूकंपाचा मोमेंट म्हणतात. त्याचा १० च्या पायाचा लॉगॅरिदम साधारण २२.८. त्यातून ९.१ वजा करून दोन तृतीयांश घेतले की ९.१ मिळतात. ढोबळ आकडे घेऊनही आपण ९.२ च्या अगदी जवळ येतो. सरकणे १२ मीटर धरले तर थेट ९.२ येतात. इथे मोठेपणा कशातून येतो तेही दिसते: प्रचंड क्षेत्रफळातून. उभी भेग खोलवर गेली तर खडक गरम आणि मऊ होतात, तुटण्याऐवजी वाहू लागतात. त्यामुळे तिची रुंदी पंधरा-वीस किलोमीटरांपुढे फारशी जात नाही. पातळी जवळजवळ आडवी असेल तर ती थंड, कडक खडकांत २०० किलोमीटर रुंद राहू शकते. म्हणूनच ९ च्या पुढचे सगळे नोंदलेले भूकंप अशाच पट्ट्यांवर झाले आहेत, जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली कमी उताराने शिरतो.

माती आणि पाणी

नुकसानीची कहाणी प्लेटच्या कहाणीहून वेगळी वाचावी लागते. अँकरेज तुटलेल्या पातळीच्या कडेला होते, तरी तिथल्या अनेक इमारती हादऱ्यांत टिकल्या. मोडल्या त्या ज्या मातीवर उभ्या होत्या ती घसरल्यामुळे. शहराच्या खाली बूटलेगर कोव्ह नावाचा चिकणमातीचा थर आहे. बराच वेळ हलत राहिल्यावर त्यातले काही थर आपली ताकद गमावून बसले. टर्नअगेन हाइट्स या वसाहतीत समुद्रालगतची टेकडी अडीच किलोमीटर लांबीत तुकडे होऊन पाण्याकडे सरकली आणि सुमारे ७५ घरे गेली. घसरण हादरे सुरू झाल्यावर लगेच झाली नाही. मिनिट-दोन मिनिटांनी झाली. लहान भूकंपात कदाचित झालीच नसती. या थराबद्दल भूगर्भ सर्वेक्षणाच्या दोन भूवैज्ञानिकांनी, रॉबर्ट मिलर आणि अर्नेस्ट डोब्रोव्होल्नी यांनी, १९५९ मध्येच छापील अहवालात इशारा दिला होता. इशारा बरोबर होता आणि पाच वर्षे आधी होता, याची मला आजही हळहळ वाटते.

व्हाल्डेझला दुःख वेगळ्या वाटेने आले. गाव हिमनद्यांनी आणलेल्या गाळाच्या त्रिभुज प्रदेशावर वसलेले. हादऱ्यांत त्या गाळाची पाण्याखालची कड, सुमारे साडेसात कोटी घनमीटर, खाडीत कोसळली. बंदराचा धक्का आणि त्यावरची सुमारे तीस माणसे तिच्याबरोबर गेली. त्या घसरणीने उठलेल्या लाटा जमीन हलत असतानाच आल्या. त्याच व्हाल्डेझच्या खाडीत एके ठिकाणी पाणी ६७ मीटर उंचीपर्यंत चढल्याची खूण सापडली. समुद्रतळ उचलला गेल्याने निर्माण झालेली मोठी त्सुनामी ही त्याहून निराळी. तिला किनाऱ्यावर यायला जास्त वेळ लागतो आणि ती महासागर ओलांडते. कॅलिफोर्नियातल्या क्रेसेंट सिटीत तिने मध्यरात्री माणसे नेली. चेनेगा या छोट्या गावातली जवळजवळ एक तृतीयांश माणसे काही मिनिटांत गेली.

हा फरक जीव वाचवण्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. दूरच्या त्सुनामीसाठी इशारा देता येतो. त्यासाठी १९६७ मध्ये अलास्कात पामर येथे केंद्रही उभे राहिले. खाडीतल्या घसरणीच्या लाटेला इशाऱ्याचा वेळच नसतो. तिथे लांबलेला हादरा हाच इशारा, आणि सुरक्षित जागा निवडणे हाच उपाय. व्हाल्डेझ गाव पुढे सुमारे सहा किलोमीटरवर, पक्क्या खडकाच्या आधाराने, नव्याने वसवले गेले.

पोर्टेजची मेलेली झाडे

खचलेल्या पोर्टेजमध्ये आणि शेजारच्या गर्डवूडमध्ये स्प्रूसची झाडे होती. खारे पाणी मुळांशी आले आणि ती उभ्या-उभ्याच वाळली. या गावांलगतच्या टर्नअगेन नावाच्या चिंचोळ्या खाडीत भरती-ओहोटीचा फरक खूप मोठा आणि पाणी गढूळ. दर भरतीला गाळ साचत गेला, आणि जुनी दलदलीची माती, गवत, बुंधे गाळाखाली गाडले गेले. दहा-बारा वर्षांत तिथे पुन्हा गवत उगवण्याइतकी उंची आली. म्हणजे एका भूकंपाचा ठसा असा राहिला: खाली काळी, मुळांची माती, तिच्यावर अचानक सुरू होणारा राखाडी खाडीचा गाळ.

हा ठसा एकदा ओळखता आल्यावर खाली आणखी ठसे शोधता आले. कॉपर नदीच्या मुखाशी आणि या खाडीभोवती खोदल्यावर एकाखाली एक गाडलेल्या माती सापडल्या. किरणोत्सारी कार्बनवरून त्यांची वये काढली, तेव्हा असे मोठे भूकंप गेल्या पाच हजारांहून अधिक वर्षांत पुन्हा पुन्हा झाल्याचे दिसले, सरासरी सुमारे ६०० वर्षांनी एक. इथे पॅसिफिक भूपट्ट वर्षाला ५ ते ७ सेंटीमीटर वेगाने शिरतो. त्या हिशोबाने २० मीटर सरकण्याइतका ताण साडेतीनशे वर्षांतच साठायला हवा. हे दोन आकडे एकमेकांशी नीट बसत नाहीत, आणि बसू नयेत हेच बरोबर. पातळी सगळीकडे सारखी अडकलेली नसते. प्रिन्स विल्यम साउंडखाली एक घट्ट अडकलेला भाग आहे, कोडिअॅकखाली दुसरा; ते कधी एकत्र तुटतात, कधी वेगवेगळे. सरासरी काढून पुढच्या भूकंपाचे साल ठरवायला जाणाऱ्याने हा भाग दोनदा वाचावा.

सर्वांत मोठा उपयोग मात्र अलास्काबाहेर झाला. दक्षिणेला, वॉशिंग्टन आणि ऑरेगनच्या किनाऱ्यावरही एक भूपट्ट खंडाखाली शिरतो, पण लिखित इतिहासात तिथे मोठा भूकंप झालेला नव्हता. हा पट्टा सुरळीत सरकत असेल असे बऱ्याच जणांना वाटे. १९८७ मध्ये ब्रायन अॅटवॉटर यांनी वॉशिंग्टनच्या खाड्यांच्या काठांवर गाडलेली दलदलीची माती दाखवली, वर खाडीचा गाळ, काही ठिकाणी मध्ये वाळूचा थर. पोर्टेजला काय झाले ते माहीत असणाऱ्याला तो काठ वाचता येत होता. कोपॅलिस नदीकाठी उभ्या मेलेल्या सिडरच्या झाडांच्या वलयांवरून ती १६९९ च्या उन्हाळ्यानंतर आणि १७०० च्या वसंताआधी मेल्याचे ठरले. जपानमध्ये त्याच हिवाळ्यात एक त्सुनामी आल्याच्या नोंदी होत्या, पण तिच्याआधी तिथे कुणालाच भूकंप जाणवला नव्हता. तिच्या पोहोचण्याच्या वेळेवरून मागे मोजत अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा भूकंप २६ जानेवारी १७०० च्या रात्री नऊच्या सुमारास झाल्याचे १९९६ मध्ये मांडले गेले. मॅग्निट्यूड ९ च्या घरातला. वॉशिंग्टन-ऑरेगनमधले इमारतींचे नियम आणि त्सुनामीपासून पळण्याचे नकाशे आज अशा भूकंपाची शक्यता लक्षात घेऊन केलेले आहेत, आणि जीपीएसच्या नोंदींत तिथला किनारा दर वर्षी थोडाथोडा जमिनीच्या आतल्या दिशेने ढकलला जाताना दिसतो.